रिकार्डोचा हिशोब आणि आमची तूर

तूर काढणी चालू आहे, म्हणून दोन दिवस पोस्ट नव्हती.

पुतण्या बी.ए.ला आहे, अर्थशास्त्र घेऊन. काल बांधावर म्हणला, "काका, बाहेरची तूर स्वस्त येत असंल तर येऊ द्यावी. दोन्ही देशांचा फायदाच होतो." १८१७ साली रिकार्डो नावाच्या इंग्रजानं हे मांडलं म्हणे. पोर्तुगालला दारूला ८० माणसं लागतात, कापडाला ९०. इंग्लंडला दारूला १२०, कापडाला १००. पोर्तुगाल दोन्हीत पुढं, तरी त्यानं दारूच करावी अन् इंग्लंडनं कापड. पोर्तुगालची १० माणसं वाचतात, इंग्लंडची २०. मी वहीवर करून पाहिलं, हिशोब बरोबर आहे. वसमतची हळद बाहेरदेशी जाते तेव्हा मलाही व्यापार गोडच लागतो. खोटं कशाला बोलू.

पण त्या हिशोबात माणूस आज दारू सोडतो अन् उद्या कापडाला लागतो. माझं कोरडवाहू मुरमाड रान तूर सोडून कशाला लागणार? हळद लावावी तर विहीर फेब्रुवारीतच बसते.

मग त्यानं नवे लोक काढले. क्रुगमन, २००८ चं नोबेल. मोठ्या प्रमाणावर काढलं की माल स्वस्त पडतो, म्हणून सारखेच देश एकमेकांना मोटारी विकतात. असंल. तो कारखान्याचा हिशोब झाला, दोन एकरवाल्याचा नाही. त्याच पुस्तकात १९४१ चे स्टॉल्पर-सॅम्युएलसन निघाले. ते सरळ सांगतात, खुल्या व्यापारात देशाचा एकूण फायदा होतो, पण देशातल्याच कुणाचं तरी खरंखुरं नुकसान होतं. हे पान पोरानं परीक्षेला ऑप्शनला टाकलं होतं!

ते कुणीतरी म्हणजे आपण. २०१५ ला डाळ दोनशेवर गेली. २०१६ ला सरकारनं मोझांबिकशी तुरीचा करार केला, अन् आम्हाला म्हणले तूर पेरा. पेरली. भरभरून पिकली. हमीभाव बोनस धरून ५०५०, पण केंद्रावर बारदाना नाही. मी मोंढ्यात ३९०० नं घातली. आयातीवर मर्यादा आली ऑगस्ट २०१७ ला, तवर घरात बियाण्यापुरतीच उरली होती. २०२१ च्या मे महिन्यात ती मर्यादाही काढली, अन् पुढं मुदत वाढवतच गेले.

देशाचा फायदा होतो ना? मग त्यातूनच भरपाई द्या. नाहीतर भाव हमीभावाखाली गेला की आयात शुल्क लागलंच पाहिजे, अन् हे पेरणीच्या आधी मे महिन्यात जाहीर करा, तूर खळ्यावर आल्यावर नको.

पुतण्याला हे पटलं का माहीत नाही. उद्या पेंढ्या उचलायला येतो म्हणलाय.