दिवाळखोरीचे कवच कोणासाठी?

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यान्वये अर्ज दाखल होताच ऋणकोविरुद्धचे दावे, जप्ती व वसुली आपोआप थांबतात. यामागील हेतू रास्तच आहे. पहिल्या धनकोने सारे ओढून नेऊ नये, उरलेल्या मालमत्तेची न्याय्य वाटणी व्हावी, बुडत्याला उसंत मिळावी. परंतु जो बुडतच नाही, त्याने हे कवच चढविले तर?

जॉन्सन अँड जॉन्सनने नेमके हेच केले. तिच्या टाल्कम पावडरीमुळे कर्करोग झाला, असे सांगणारे सुमारे ३८ हजार दावे प्रलंबित होते. कंपनीला आरोप अमान्य होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने उपकंपनीचे विभाजन करून हे दायित्व एका नवजात कंपनीच्या माथी मारले, आणि या कंपनीने दोनच दिवसांत दिवाळखोरीचा अर्ज केला! पाठीशी धनाढ्य मूळ कंपनीची हमी असता हिला आर्थिक विपन्नता कसली, असे म्हणून अपील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो फेटाळण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीचा दुसरा आणि मार्च २०२५ मध्ये तिसरा प्रयत्नही फसला.

तथापि, या काळात बहुतांश खटले रखडले. विलंबाची किंमत कंपनीला व्याजात मोजता येते, रुग्णाला ती आयुष्याच्या दिवसांत मोजावी लागते. आपल्या २०१६ च्या संहितेत कंपनीला स्थगिती मिळते ती न्यायाधिकरणाने अर्ज स्वीकारल्यावरच. कवच देण्यापूर्वी जखम पाहण्याची ही दक्षता अनाठायी नव्हे.