पोरखेळ कोण करतंय?

चार इंची पीव्हीसी पाईपचा दीड फुटाचा तुकडा मागितला, तेव्हा हार्डवेअरवाले काका म्हणाले, “लीकेज कुठाय, बाथरूममध्ये का?” मी म्हटलं, “लीकेज नाही काका, पाणबुडी करायचीय.” त्यांनी करवत खाली ठेवली. “मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट?”

मला मूल नाही. मी २७ वर्षांची आहे, नोकरी करते, डोंबिवलीत आईबाबांबरोबर राहते. तरी मी “हो” म्हटलं, पाईप काखेत मारला आणि निघाले. त्या “हो”ची मला अजून लाज वाटते. खोटं बोलल्याची नाही, तर माझा खेळ लपवावा असं मला वाटलं याची.

प्रकरण असं आहे. आम्ही पाच जण रविवारी एका मित्राच्या घरी जमतो आणि मिनिएचर वॉरगेम खेळतो. बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं, फासे, मोजपट्टी आणि टेबलावर उभा केलेला भूभाग. या भूभागाला खेळणारे ‘टेरेन’ म्हणतात. नियम आम्ही ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ या खेळाचे उसने घेतलेत. जोसेफ मॅक्कलॉ यांचा हा खेळ २०१५ साली आला. त्यात बर्फाखालून वर येणाऱ्या एका उद्ध्वस्त शहरात जादूगारांच्या टोळ्या खजिना शोधत एकमेकांशी लढतात. आम्ही जादूगारांना सुट्टी दिली, शहराच्या जागी ध्रुवाजवळचा गोठलेला समुद्र आणला आणि त्या बर्फात अडकलेली, सोडून दिलेली एक पाणबुडी ठेवायचं ठरवलं. ती पाणबुडी करायचं काम माझ्याकडे आलं. मला त्यावर दोन महिने लागले.

या दोन महिन्यांत मला मिळालेले सल्ले ऐका. आत्या म्हणाली, “एवढ्या वेळात एखादा कोर्स झाला असता.” ऑफिसमधला सहकारी म्हणाला, “भारी आहे! इन्स्टावर पेज काढ, ऑर्डर्स घे.” भाऊ म्हणाला, “थ्रीडी प्रिंट करून घे ना, दोन दिवसांत हातात.” आणि एक जवळची मैत्रीण, जिचं मत मी गंभीरपणे घेते, ती म्हणाली, “युद्ध गोंडस करायचा उद्योग आहे तुझा.”

पहिल्या तिघांचं म्हणणं वेगवेगळं वाटतं, पण आहे एकच: हाताला लागलेला वेळ कशात तरी वटवला पाहिजे. पदवीत, पैशांत, नाहीतर वाचवलेल्या वेळेत. आणि वाचवलेल्या वेळेत आपण काय करतो? रील्स बघतो. तासभर अंगठा वर सरकवणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की यातून मिळालं काय. थर्माकोल कापणाऱ्या बाईला मात्र सगळे विचारतात.

चौथीचं म्हणणं वेगळं आहे. त्याला उत्तर द्यायचं तर आधी पाणबुडी कशी झाली ते सांगावं लागेल.

सुरुवात मापापासून. आमच्या खेळातला माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे ढोबळमानाने १:५६ हे प्रमाण. मी पाहिलेली एकमेव खरी पाणबुडी म्हणजे विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी असलेली ‘आयएनएस कुरसुरा’. सोव्हिएत बनावटीची, आपल्या नौदलात १९६९ ते २००१ अशी नोकरी केलेली. लांबी ९१ मीटर. ५६ ने भागलं तर १६३ सेंटिमीटर, म्हणजे माझ्यापेक्षा उंच! आमचं खेळायचं टेबल आहे तीन फूट बाय तीन फूट. मग ठरलं की अख्खी पाणबुडी करायचीच नाही. पाठीचा दीड फूट भाग आणि मधला मनोरा बर्फातून वर आलेला, बाकी सगळी बर्फाखाली. अर्धी बुडालेली वस्तू करायला सोपी असते, असा माझा समज होता.

पाईप उभा चिरला. मनोऱ्यासाठी जाड पुठ्ठा, सांधे बुजवायला एम-सील. बर्फाचा थर फ्रिजच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचा. त्यावर उत्साहाने स्प्रे पेंट मारला आणि डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून त्याची चाळण झाली. स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं, हे नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात कळतं, मला बर्फ गेल्यावर कळलं. दुसऱ्यांदा आधी फेव्हिकॉलचे दोन हात दिले आणि मग ब्रशने साधा ॲक्रिलिक रंग. गंजासाठी खिडकीच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साईड, स्पंजच्या तुकड्याने टिपून टिपून. भुरभुरीत बर्फासाठी परदेशातले लोक खाण्याचा सोडा आणि गोंद वापरतात, पण तो काही महिन्यांनी पिवळा पडतो. मी आईच्या डब्यातली पांढरी रांगोळी घेतली. दगडाची पूड ती, पिवळी पडत नाही आणि प्रकाशात किंचित चमकते.

मनोऱ्याला दोन बाजूंना दोन आडवे पंख लावले होते. छान दिसत होते. नंतर वाचलं की बर्फ फोडून वर येणाऱ्या पाणबुडीला मनोऱ्यावरचे आडवे पंख चालत नाहीत, ते मोडतात. म्हणून काही अमेरिकन पाणबुड्यांमध्ये ते उभे वळवायची सोय केली, पुढच्या काहींमध्ये ते मनोऱ्यावरून काढून नाकाशी नेले. १९५८च्या ऑगस्टमध्ये ‘नॉटिलस’ उत्तर ध्रुवाखालून गेली, १७ मार्च १९५९ रोजी ‘स्केट’ बर्फ फोडून ध्रुवावरच वर आली. तिच्या खलाशांनी तिथे ह्यूबर्ट विल्किन्स या संशोधकाची रक्षा वाऱ्यावर सोडली. या माणसाने १९३१ साली एका जुन्या पाणबुडीतून बर्फाखालून ध्रुवापर्यंत जायचा प्रयत्न केला होता, तो फसला होता. मी माझे पंख उपटले आणि उभे चिकटवले.

मग आलं झाकण. पाणबुडीतून बाहेर यायचं गोल तोंड. मी पाण्याच्या बाटलीचं बूच चिकटवलं, वर तारेचं हँडल. झकास दिसत होतं. सहज मोजलं तर बूच ३ सेंटिमीटर. ५६ ने गुणलं की पावणेदोन मीटर. त्यातून म्हैस बाहेर आली असती! खरं तोंड माणूस जेमतेम मावेल एवढंच असतं. ६० ते ६५ सेंटिमीटर धरलं तर माझ्या प्रमाणात ११ मिलिमीटर. घरभर शोधलं, तेव्हा नेमकं ११ मिलिमीटरचं काय सापडलं? बाबांच्या शर्टाचं बटण.

बूच काढून बटण लावलं आणि मी थांबले. कुरसुरामध्ये सत्तर-ऐंशी माणसं राहायची. सत्तर-ऐंशी माणसांनी बटणाएवढ्या तोंडातून बाहेर यायचं. एकेकट्याने.

त्या रात्री मी ‘कुर्स्क’बद्दल वाचलं. १२ ऑगस्ट २०००, बॅरेंट्स समुद्र. टॉर्पेडोचा स्फोट होऊन ही रशियन अणुपाणबुडी तळाला गेली. ११८ माणसं होती, एकही वाचला नाही. त्यातले २३ जण स्फोटानंतर मागच्या नवव्या कप्प्यात जिवंत होते. दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याने अंधारात त्यांची यादी लिहून ठेवली, म्हणून आपल्याला हे माहीत आहे. त्यांच्या डोक्यावरच बाहेर पडायचं तोंड होतं. नऊ दिवसांनी नॉर्वेच्या पाणबुड्यांनी ते उघडलं, तेव्हा आत पाणी होतं. कुर्स्क १५४ मीटर लांब होती आणि समुद्र तिथे १०८ मीटर खोल. म्हणजे ती उभी केली असती तर शेंडा पाण्याच्या बराच वर आला असता. १०८ मीटर माझ्या प्रमाणात १९३ सेंटिमीटर होतात. आमच्या बेडरूमच्या दाराची चौकट साधारण तेवढी आहे. मी त्या चौकटीकडे बघत बसले.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? १४ ऑगस्ट २०१३च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, पाणबुडी धक्क्याला लागलेली होती. डोंबिवलीहून सीएसएमटी लोकलने जेमतेम दीड तास. मी तेव्हा शाळेत होते. बातमी टीव्हीवर बघितल्याचं आठवतं, पण त्या आत माणसं कुठे उभी असतील हा प्रश्न मला पडला नव्हता. तो बटण चिकटवताना पडला.

बटणामुळे आमच्या खेळात एक नियम आला: एका फेरीत झाकणातून एकच माणूस आत किंवा बाहेर. पहिल्याच रविवारी माझी पाच माणसं आतली औषधांची पेटी घ्यायला उतरली आणि वरचा बर्फ दुसऱ्या टोळीने धरला. पुढच्या फेऱ्यांत मी एकेकाला वर पाठवत होते आणि तो मरत होता. तिसऱ्यानंतर समोरचा मित्र म्हणाला, “शरण ये ना, मला नको वाटतंय.” आमच्या नियमांत शरणागती नव्हती. आम्ही खेळ थांबवून ती लिहिली.

आता मैत्रिणीकडे येते. “युद्ध गोंडस करायचा उद्योग.” बाई, युद्ध गोंडस कोण करतंय ते बघू. मे २०२५ आठव. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या रात्री आपण सगळे जागे होतो, फोन हातात. काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. मागे सायरन वाजत होते, पडद्यावर ॲनिमेशनची विमानं उडत होती. बातमी खोटी निघाली. ‘अर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली. आमच्या फॅमिली ग्रुपवरही असले व्हिडिओ आले आणि ज्या आत्याने मला कोर्स करायला सांगितलं होतं, तिने त्यावर टाळ्यांचे सहा इमोजी टाकले. त्या बंदरात माणसं असतात, क्रेन चालवणारी, चहा विकणारी, हे कुणाच्या मनात आलं? ते फुकट आणि तयार मिळालेलं युद्ध होतं. त्यात काही मोजावं लागत नव्हतं, काही चिकटवावं लागत नव्हतं.

मोठ्या माणसांचा तो खेळ ‘देशभक्ती’, आणि मी रांगोळी टाकून बर्फ केला तर पोरखेळ?

मैत्रिणीची बाजू मात्र पुसून टाकता येत नाही, ती मी स्वतःच मांडते. टेबलावरचा युद्धखेळ काही निरागस घराण्यातला नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४पासून ‘क्रीगस्पील’ खेळवला गेला, तो अधिकाऱ्यांना लढाया शिकवायला. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. शेवटी त्याचं म्हणणं असं की तीन-चारदा हे छोटं युद्ध खेळून बघा, म्हणजे मोठं युद्ध किती मूर्खपणाचं आहे ते कळेल. मला हे फार पटलं होतं. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि याच वेल्सने ते युद्धं संपवणारं युद्ध असल्याचं सांगत त्याची बाजू घेतली. म्हणजे खेळ माणसाला आपोआप शहाणं करत नाही. मीही गंज रंगवताना “काय सुंदर आलाय” म्हटलंच होतं. गंजलेली, मेलेली पाणबुडी सुंदर दिसावी म्हणून मी दोन महिने घालवले, हा आरोप मला मान्य आहे.

माझा दावा तेवढा मोठा नाहीच. मी एवढंच म्हणते की हाताने केलेली वस्तू तुम्हाला प्रश्न विचारते, कारण ती चुकते. पंख चुकले, बूच चुकलं, बर्फ विरघळला. प्रत्येक चुकीला मला खऱ्या पाणबुडीकडे जाऊन विचारावं लागलं की तू कशी आहेस, तुझ्यात माणसं कशी राहतात, मरताना कुठे असतात. प्रिंटरमधून ती दोन दिवसांत आली असती तर झाकण बरोबर मापाचं असतं आणि मला ते का बरोबर आहे हे कधीच कळलं नसतं. बनवलेला व्हिडिओ तर असा एकही प्रश्न विचारत नाही. तो फक्त पुढे पाठवायला सांगतो.

आणि हे आपल्याला नवं आहे का? आपण सगळे टेरेन बनवूनच मोठे झालो. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय होतं? माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव, बुरुजापेक्षा उंच मावळे आणि दरवाजात प्लॅस्टिकचा वाघ. आमच्या चाळीत किल्ला दादा आणि त्याचे मित्र करायचे, मला पुढे रांगोळी काढायला बसवायचे. तरी बघून बघून मला कळलं होतं की चढ फार उभा केला तर माती घसरते आणि पायऱ्या आधी कोरल्या नाहीत तर मावळा वर कसा जाणार हा प्रश्न उरतो. आज बाजारात तयार किल्ला मिळतो. पायऱ्या रंगवलेल्या असतात, घसरायला माती नसते. तो आणायचा, फोटो काढायचा, स्टेटसला ठेवायचा. मग त्याच फोनवर शिवरायांच्या इतिहासावरून अनोळखी माणसाला शिव्या द्यायच्या. गड चढायला किती दम लागतो हे ज्याच्या हाताला कधी कळलंच नाही, त्याची मान सगळ्यात ताठ.

काकांच्या दुकानात मी परवा पुन्हा गेले. तीन इंची पाईप हवा होता. “मुलाची पाणबुडी झाली का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मुलाची नव्हती काका, माझी होती.” फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग विचारलं, “आतली माणसं बाहेर कुठून येतात?”

मी बटणावर बोट ठेवलं.

“लहान आहे,” ते म्हणाले.

“हो. खऱ्यातही लहानच असतं.”