हातपाय मोडतील म्हणे!

"रग्बी? मुलीच्या जातीनं? हातपाय मोडतील की!" आमच्या माझगावच्या चाळीत परवा हे ऐकलं आणि मैत्रिणींनो, मला पुण्याच्या वाहबिझ भरूचा आठवल्या. अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचा हा धसमुसळा खेळ. २०१९ मध्ये मनिलाला त्यांच्या संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराजणींच्या रग्बीतला भारतीय बायकांचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय! पेशानं मात्र त्या फिजिओथेरपिस्ट. आपल्याकडे नुसत्या रग्बीवर बाईचं घर कुठं चालतं? जून २०२५ मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, परदेशी खेळाडू, पण सगळे पुरुषच. हातपाय त्यांचेही मोडतात, पण त्यांना पैसे तरी मिळतात! लीगवाल्यांनी निदान दोन संघ बायकांचे उभे करावेत. चाळीतल्या आयांना समजवायला मग मी जाते.