धावपट्टीवरचा दिवा आषाढातही उजळेल?

विमानतळ ही आता केवळ महानगरांची मिरासदारी राहिलेली नाही. २०१६ साली ‘उडान’ योजना आली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचे पहिले विमान सिमला-दिल्ली मार्गावर झेपावले. तथापि, सूर्य मावळला की आपल्या अनेक लहान धावपट्ट्याही निजतात. रात्रीच्या उड्डाणांना केवळ दिवे पुरत नाहीत हे खरे. पण दिव्यांवाचून त्यांचा प्रारंभच होत नाही. अशा वेळी ‘सौरदिवे बसवा, ना तारा, ना वीजबिल’ असा सोपा उपाय पुढे येतो. तो बारा महिने भरवशाचा आहे काय?

या संदर्भात कोचीचा दाखला हमखास दिला जातो. २०१५ साली १२ मेगावॉटचा प्रकल्प उभारून हा विमानतळ संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ ठरला. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र तेथे दिवसाची जादा वीज राज्याच्या वीजजाळ्यात सोडली जाते आणि रात्री तेथूनच परत घेतली जाते. ज्या दिव्याला स्वतःच्या पॅनेलवर आणि बॅटरीवरच रात्र काढायची असते, त्याची कसोटी सर्वस्वी निराळी आहे.

थोडा हिशेब मांडू. बाराशे मीटरच्या धावपट्टीला साठ मीटर अंतराने दोन्ही कडांना मिळून ४२ दिवे लागतात. समजा, एक दिवा पाच वॉटचा आहे. तो बारा तास जळला तर ६० वॉट-तास ऊर्जा खर्च होते. १२ व्होल्ट, १५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८० वॉट-तास मावतात. कागदावर या तीन रात्री झाल्या. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती उरते ती दीड रात्र. कोकणात आषाढाची झड आठवडाभर हटत नाही, तेव्हा काय करायचे?

गंगेच्या खोऱ्यात हाच प्रश्न पौषात उभा राहतो. दाट धुक्यात सूर्यदर्शन दुर्मीळ होते, रात्र लांबते आणि वैमानिकाला दिव्यांची निकड सर्वाधिक असते. नेमकी तेव्हाच दिव्याची शिदोरी सर्वात तोकडी. लडाखात ऊन मुबलक. पण कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि सामान्य लिथियम बॅटरी शून्याखालील तापमानात भारितच करू नये, असा दंडक आहे. वर्षाच्या सरासरीवर विसंबणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. दिव्याची लायकी ठरते ती वर्षातल्या सर्वात वाईट आठवड्यात.

मग सौरदिवे टाकाऊ आहेत काय? मुळीच नाही. २००१ च्या भूकंपात भुजच्या हवाई तळाची मोठी हानी झाली, तरी मदतीची विमाने तेथेच उतरवावी लागली. अशा आपत्तीत, सीमेवरच्या दुर्गम पट्टीवर किंवा रुग्णाला तातडीने हलवताना, तारांविना तासाभरात मांडता येणारे दिवे जीवनदायी ठरू शकतात. नियमित प्रवासी विमानांची गोष्ट वेगळी. उपकरणांच्या साहाय्याने अचूक अवतरण होते त्या धावपट्टीवर मुख्य वीज गेल्यास, आंतरराष्ट्रीय निकषानुसार, प्राथमिक श्रेणीतही पर्यायी पुरवठा पंधरा सेकंदांत सुरू व्हावा लागतो. तेथे वीजजाळे आणि डिझेल जनित्र यांना आज तरी पर्याय नाही. सौरऊर्जेने त्यांचा भार हलका करावा, जागा घेऊ नये.

खरेदी करणाऱ्यांनी म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत. त्या गावच्या सर्वात मळभाच्या महिन्यातील सूर्यप्रकाशावर हिशेब केला आहे काय? सलग पाच दिवस ऊन नसले तरी दिवा जळेल, याची लेखी हमी आहे काय? आणि पॅनेलवरचे शेवाळ, धूळ नि पक्ष्यांची विष्ठा पुसायला, थकलेली बॅटरी वेळीच बदलायला कोण नेमला आहे? आपल्याकडे उद्घाटनाला निधी असतो, देखभालीला नसतो. गावोगावच्या चौकांत बंद पडलेले सौरदिवे त्याचीच साक्ष देतात. चौकातला दिवा विझला तर वाटसरू ठेचकाळतो. धावपट्टीवरचा विझला तर जीव टांगणीला लागतात. सूर्य आपले काम चोख करतो. त्याने दिलेले जपून ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.