निजेला धोंडा चालेल, गळ्याचे काय?

राबणाऱ्याला झोपेचा आजार होत नाही; झोपेचे डॉक्टर ही पुण्या-मुंबईच्या रिकामटेकड्यांची सोय; आणि जो घोरतो तो गाढ झोपतो. आमच्या कुंडल परिसरातल्या एका वक्त्याचा हा सिद्धान्त सध्या लग्नाच्या मांडवापासून पारापर्यंत टाळ्या घेतो आहे. पुरावा विचाराल तर 'भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा' ही म्हण. म्हण आम्हालाही पाठ आहे. ती उशीबद्दल बोलते. उशाला धोंडा घेऊन पडलेल्या माणसाचा श्वास रात्रभर नीट चालतो का, हे ती सांगत नाही आणि वक्त्यांनी ते कधी तपासलेले नाही.

त्यांचा दुसरा हुकमाचा पत्ता म्हणजे इंग्रजांविरुद्ध आमच्या भागात उभे राहिलेले प्रतिसरकार. त्याच्या तुफान सेनेच्या पोरांनी रात्री जागवल्या, ७ जून १९४३ रोजी शेणोलीला रेल्वे लुटली, त्यांना कुठे झोपेचा दवाखाना लागला? टाळ्या. पण ती पोरे झोप येत नाही म्हणून जागी नव्हती. झोपायचे नाही असे ठरवून जागी होती. त्या सेनेच्या जी. डी. बापूंचे आणि कॅप्टन भाऊंचे नाव घेतले की मोतीबिंदूपासून मूळव्याधीपर्यंत कोणत्याही विषयावर बोलण्याचा परवाना मिळतो, हा आमच्याकडचा जुना रोग आहे. त्यावर मात्र खरोखरच डॉक्टर नाही.

आता घोरण्याकडे येऊ, कारण आमचा खरा राग तिथे आहे. ज्या गावाच्या कुस्ती मैदानाचे नाव महाराष्ट्रभर, तिथे वक्त्यांनी पैलवानाचे उदाहरण द्यावे हे ओघानेच आले: 'पैलवान कसा मेघ गडगडल्यासारखा घोरतो, ती निरोगी झोप.' अहो, तोच तर आमचा साक्षीदार! झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते आणि त्या वाटेने ओढलेल्या हवेने पडजीभ व टाळू थरथरतात. तो गडगडाट हा अडलेल्या वाटेचा आवाज आहे. पुढे कधी वाट पुरतीच मिटते. छाती वरखाली होते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, मोठा फुरका येतो आणि पुन्हा गडगडाट सुरू. तासाला पाच वेळा असे घडले तर डॉक्टर नोंद घेतात. तीसच्या वर गेले तर आजार तीव्र. झोपणाऱ्याला यातले काही आठवत नाही. आठवते ते शेजारी श्वास मोजत बसलेल्या बायकोला, आणि तिला सभेत कोणी बोलावत नाही.

जाड मान हे या आजाराचे एक ठळक लक्षण. घेर चाळीस सेंटिमीटरच्या पुढे गेला की विचारपूस करावी. पैलवान लाल माती सोडतो तेव्हा जोर-बैठका सुटतात, खुराक सुटत नाही. चाळिशीत वजन वाढते, सकाळी डोके जड, तोंड कोरडे, रात्री लघवीला चारदा उठणे, ब्लड प्रेशर तीन गोळ्यांनाही दाद देत नाही. मग पारावर बोलता बोलता डुलकी लागते आणि लोक म्हणतात, गडी समाधानी आहे! जबडा लहान असेल तर सडपातळ माणसालाही हे होते. टॉन्सिल वाढलेले, तोंड उघडे टाकून घोरणारे पोरही याच रांगेतले; त्याला शाळेत उगीच ढ ठरवले जाते. आणि यावर उपायही आहे. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिवन या डॉक्टरने नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती काढली. आज ते यंत्र उशाशी मावते.

राबणाऱ्याला रोग नसतो हा युक्तिवाद आम्ही पूर्वी शुगरच्या बाबतीत ऐकला आहे. 'घाम गाळणाऱ्याला कसली शुगर?' असे छातीठोक सांगणारे आज सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला रांगेत दिसतात. असो.

कष्टाने झोप येते हे खरे. पण कधी येऊ द्यायची हे इथे कष्टकरी ठरवत नाही, लाईट ठरवते. एका आठवड्यात थ्री फेज दिवसा, दुसऱ्यात रात्री. मग मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला दारे धरायची. गाळप हंगामात कारखान्याच्या पाळ्या फिरतात. शरीरातल्या घड्याळाचे पेशींमधले यंत्र उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले. ते घड्याळ पाळीच्या फळ्यावरची सूचना वाचून बदलत नाही. कर्जाच्या विचाराने पहाटे तीनला जागा होणाऱ्याला 'आणखी राब' असे सांगणाऱ्याशी आम्ही वाद घालत नाही. भांगलून आलेल्या बाईच्या पोटऱ्यांत पडल्या पडल्या वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. तिच्या रक्तातले लोह तपासा, तिला आळशी म्हणू नका.

मग दवाखान्यात जायचे कधी? प्रत्येक जागरणाला नव्हे. लग्नघरात, परीक्षेच्या आदल्या रात्री, घरात कोणी गेल्यावर झोप उडते आणि आपोआप परतते. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले तर मात्र जा. त्यावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी आणि विचार वळणावर आणणारा असतो. मेडिकलमधून मागून आणलेली अर्धी गोळी घोरणाऱ्याचा घसा आणखी सैल करते; दारूही तेच करते. झोप उडण्याबरोबर मन उदास, जगणे नको वाटत असेल तर तीन महिने मोजू नका, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पन्नाशीनंतर कोणी स्वप्नात खरोखरच हातपाय झाडू लागला तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पार्किन्सन्सची ती आगाऊ खूण असू शकते.

घोरणाऱ्याने आधी गावातल्या डॉक्टरांकडे जावे, मग मिरजेला. १८९४ पासून दवाखान्यांचे गाव असलेल्या मिरजेला आपण मणक्यासाठी जातो, हृदयासाठी जातो, मग घशासाठी जायला लाज कसली? एका रात्रीची तपासणी असते. अंगाला तारा लावून झोपायचे. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि मोबाईलवर टिपलेले पाच मिनिटांचे घोरणे सोबत न्यावे, आणि ते टिपणाऱ्या बायकोलाही. स्टेअरिंगवर डोळा लागणाऱ्याने कराड-तासगाव रस्त्यावर उसाची ट्रॉली घेऊन निघणे तपासणी होईपर्यंत बंद ठेवावे, आणि त्याच्या मुकादमानेही त्या दिवसांचे खाडे धरू नयेत.