मांस शिजले का? थर्मामीटरला विचारा

आपल्या आजी-नानींच्या स्वयंपाकघरात मांसाचे तापमान मोजायचे साधन नव्हते आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. घरात मांस शिजायचे ते हंडीत, पातेल्यात किंवा देगमध्ये. निहारी, पाये, दालचा, अख्नी, नाहीतर रोजचे सालन. मांसाचे तुकडे लहान, भोवती उकळता रस्सा आणि तास-दोन तासांची आच. उकळता रस्सा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असतो आणि प्रेशर कुकरच्या आतले तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. अशा पदार्थात मांस कच्चे राहण्याची भीती फारशी नसते. ते गळले की नाही, एवढाच प्रश्न उरतो आणि तो दोन बोटांच्या चिमटीने सुटतो.

आता मात्र आपल्या घरांत ओटीजी आले, एअर फ्रायर आले, ग्रिल पॅन आले. मुले मोबाइलवर पाहून अख्खी कोंबडी भाजायला घेतात. बकरी ईदला गच्चीवर निखारे पेटतात आणि सीख कबाब होतात. या सगळ्या प्रकारांत उकळते पाणी नाही. बाहेरची आच कडक असते आणि आतपर्यंत ती हळूहळू पोचते. त्यामुळे वरून करपलेले आणि आतून कच्चे, असा प्रकार सहज होतो. स्वयंपाकाची पद्धत बदलली, तर पारखण्याची पद्धतही बदलायला हवी. म्हणून या महिन्यात मांसाच्या थर्मामीटरविषयी बोलू.

जुन्या खुणा इथे का फसतात?

पहिली खूण रंगाची. आत गुलाबी दिसले तर कच्चे, नाहीतर शिजले, असे आपण धरतो. पण आपल्या टिक्क्याला काश्मिरी मिरची आणि हळद लावलेली असते, मग खरा रंग दिसणार कसा? शिवाय खिमा कधी कधी पुरेसा तापण्याआधीच तपकिरी होतो. उलट कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीचे मांस पूर्ण शिजले तरी हाडाजवळ लालसर दिसू शकते. म्हणजे रंग दोन्ही बाजूंनी फसवतो.

दुसरी खूण मऊपणाची. कबाबाला आणि रानेला आपण कच्ची पपई लावतो. पपईतला रस मांसाचे धागे सैल करतो. पपई लावलेले मांस कच्चे असतानाही बोटाला मऊ लागते. मऊ झाले म्हणजे शिजले, हा हिशेब तिथे चालत नाही.

तिसरी खूण घड्याळाची. 'चाळीस मिनिटे भाजा' असे पाककृतीत लिहिलेले असते. पण तिथली कोंबडी किती किलोची होती, फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये गेली का, तुमचा ओटीजी खरोखर किती तापतो, यातले काहीच त्या चाळीस मिनिटांना ठाऊक नसते.

रमजानमध्ये आणखी एक अडचण येते. इफ्तारच्या आधी कबाब तळणारी स्वतः रोज्यात असते. एक तुकडा तोडून चाखून पाहावा, तर तेही नाही. अशा वेळी सांगणारे साधन हाताशी असेल तर मोठी सोय होते.

एवढी काळजी कशासाठी?

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे ताप, जुलाब, उलट्या होतात. धडधाकट माणूस काही दिवसांत सावरतो, पण लहान मूल, म्हातारी माणसे आणि आजाराने अशक्त झालेले यांच्यावर हाच आजार जिवावर बेतू शकतो. शेळ्या-मेंढ्यांच्या मांसात टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो. गरोदर बाईच्या पोटात तो अर्धकच्च्या मांसातून गेला, तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर 'थोडेसे कच्चे चालते' हे वाक्य दस्तरखानावर येता कामा नये.

किती अंश पुरेसे?

अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती स्वयंपाकासाठी दिलेले आकडे जगभर वापरले जातात. तापमान मांसाच्या मधोमध मोजायचे.

कोंबडी, अख्खी असो, तुकडे असोत की खिमा: ७४ अंश.
मटणाचा खिमा आणि त्याचे कबाब: ७१ अंश.
कलेजी: मटणाची ७१, कोंबडीची ७४ अंश.
मटणाचा अख्खा तुकडा, रान किंवा चाप: ६३ अंश, आणि आचेवरून काढल्यावर तीन मिनिटे तसेच ठेवणे.
मासे: ६३ अंश.
उरलेले अन्न पुन्हा गरम करताना: ७४ अंश.

अख्ख्या तुकड्याला ६३ पुरतात, मग खिम्याला ७१ का? तुकड्यावरचे जिवाणू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि तिथे आच सरळ लागते. खिमा करताना बाहेरचे सगळे आत मिसळते, म्हणून तो आतपर्यंत जास्त तापवावा लागतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे आकडे मांस खाण्यास सुरक्षित झाले हे सांगतात, ते गळले हे सांगत नाहीत. आपल्याला रान हाडावरून सुटणारी लागते. मांसातले चिवट धागे विरघळायला ७० च्या पुढे सुरुवात होते आणि त्याला वेळही लागतो. म्हणून रान ९० अंशांच्या आसपास नेऊन काही वेळ तिथेच ठेवली की ती खरी मऊ होते. कोंबडीच्या छातीच्या मांसाचे उलटे आहे. ७४ च्या फार पुढे गेले की ते भुशासारखे कोरडे पडते. कच्चे राहील या भीतीने आपण कोंबडी जास्त भाजतो आणि मग चटणी लावून गिळतो. थर्मामीटर असेल तर नेमक्या वेळी थांबता येते.

शामी कबाबाला या काळजीची गरज नाही. त्याचा खिमा आणि डाळ आधीच शिजलेली असते, तळताना ते फक्त गरम होतात. कच्च्या खिम्याचे कबाब, सीख कबाब, टिक्का, रान आणि मुर्ग मुसल्लम, इथे थर्मामीटर हवा. मुर्ग मुसल्लमच्या पोटात भरलेले सारणही ७४ अंशांपर्यंत जायला हवे.

कोणता थर्मामीटर घ्यावा?

आधी काय घेऊ नये ते पाहू. तापाचा थर्मामीटर चुकूनही मांसात खुपसू नका. तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो. काचेचा असेल तर तडकेल आणि आतला पारा अन्नात जाईल. करोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे यंत्र आपण सर्वांनी पाहिले. तसल्या तत्त्वावरचे स्वयंपाकघराचे यंत्रही मिळते, पण ते फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. तवा किती तापला हे त्याने कळेल, कबाबाच्या पोटात काय चालले आहे ते कळणार नाही.

गोल तबकडीचा, काट्याचा थर्मामीटर स्वस्त असतो आणि त्याला सेल लागत नाही. पण त्याची दांडी पाच-सहा सेंटीमीटर आत गेल्याशिवाय आकडा बरोबर येत नाही आणि पंधरा-वीस सेकंद थांबावे लागते. रानेला तो चालेल, कबाबाला किंवा चापेला नाही.

वायरचा थर्मामीटर हा तिसरा प्रकार. त्याची सळी मांसात खोचून ओव्हनमध्ये तशीच ठेवता येते आणि आकडा बाहेरच्या डबीवर दिसतो. ठरवलेले तापमान आले की तो वाजतो. वारंवार अख्खी कोंबडी किंवा रान भाजणाऱ्या घराला तो उपयोगी आहे.

सर्वसाधारण कुटुंबाला चौथा प्रकार पुरतो, तो म्हणजे सुईसारख्या सळीचा, आकडे दाखवणारा डिजिटल थर्मामीटर. त्याचा सेन्सर अगदी टोकाला असतो, त्यामुळे एक-दीड सेंटीमीटर आत गेला तरी काम होते. साधारण एक किलो मटणाच्या दरात किंवा त्याहूनही कमी पैशांत साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो. घेताना या गोष्टी पाहा.

सळीचे टोक बारीक असावे. जाड टोकाने मोठे भोक पडते आणि रस वाहून जातो. आकडा किती सेकंदांत स्थिर होतो हे खोक्यावर वाचा. दोन ते पाच सेकंद उत्तम, दहापर्यंत चालेल. त्याहून उशीर लागला तर निखाऱ्यावर हात भाजतो. उणे अंशांपासून २०० च्या पुढपर्यंत मोजणारा असावा. सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही दाखवणारे बटण असावे. आकडे मोठे आणि उजेडाचे असावेत. पाण्याने बिघडणार नाही असा असेल तर धुणे सोपे. आकडा जुळवून घेण्याची सोय असेल तर फारच छान.

सेलकडेही लक्ष द्या. अनेक थर्मामीटरमध्ये बटणाएवढा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजू शकते. झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तर ते निवडा. नसेल तर थर्मामीटर मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

घरी आणल्यावर पहिली परीक्षा

ग्लास बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरा आणि फटी भरतील एवढेच पाणी घाला. ढवळून एक-दोन मिनिटे थांबा. सळीचे टोक ग्लासच्या मधोमध धरा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. आकडा शून्य आला पाहिजे. एखादा अंश इकडे-तिकडे चालेल. दोन अंशांहून जास्त फरक असेल तर बदलून घ्या.

उकळत्या पाण्यातही तपासता येते, पण तिथे आपण किती उंचीवर राहतो हे पाहावे लागते. साधारण प्रत्येक ३०० मीटर उंचीला पाणी एक अंश आधीच उकळते. मुंबईत किंवा रत्नागिरीत १०० अंश दिसतील, पुण्यात ९८ आणि महाबळेश्वरला ९५-९६. पुण्यातल्या भगिनीने ९८ पाहून दुकानदाराशी भांडू नये. म्हणूनच बर्फाची परीक्षा जास्त सोपी.

पाककृतीत १६५ फॅरनहाइट लिहिले असेल तर शाळेतले सूत्र आठवा. ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. उत्तर ७४ च्या जवळ येते. हे गणित सहावी-सातवीतल्या मुलांना करायला द्या. कबाबाच्या लोभाने ते चटकन करतील.

टोचायचे कसे?

सळीचे टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यावर पोचले पाहिजे. हाडाला, भांड्याला किंवा लोखंडी सळईला ते टेकले तर आकडा चुकतो. कोंबडीत मांडीच्या आतल्या बाजूला आणि छातीच्या जाड भागात, दोन्हीकडे पाहा. कबाबात वरून न टोचता कडेने आडवी सळी घाला. फ्रीझरमधले मांस असेल तर ते आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटू द्या, नाहीतर मधला भाग थंडच राहील. दोन-तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी आकडा खरा माना.

प्रत्येक वेळी मोजल्यावर टोक साबणाच्या गरम पाण्याने धुवा. कच्च्या मांसात गेलेली सळी तशीच शिजलेल्या मांसात घातली, तर ज्यासाठी खटाटोप केला तेच वाया जाते. हातात धरून मोजायचा थर्मामीटर ओव्हनमध्ये ठेवू नका, त्याचे प्लास्टिक वितळेल.

थर्मामीटरने होत नाही ते

दावतीनंतर बिर्याणीची देग रात्रभर ओट्यावर राहते आणि सकाळी गरम करून वाटली जाते. इथे थर्मामीटर वाचवू शकत नाही. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. भातात आणि मांसात राहणारे काही जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यावरही नष्ट होत नाही. म्हणून उरलेली बिर्याणी दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत पसरून फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तर तासाभरातच. फ्रिजचे काम नीट चालले आहे का, हेही याच थर्मामीटरने कळते. पाण्याचा ग्लास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी मोजा. पाच अंशांच्या वर असेल तर फ्रिजचे बटण फिरवा.

येत्या ईदला भांडी आणि मसाल्यांची यादी कराल तेव्हा त्यात ही एक सळी लिहा. ज्या घरात लहान मूल आहे, गरोदर सून आहे किंवा वयस्कर अब्बा-अम्मी आहेत, त्या घराने तर नक्कीच. आणि ७१, ७४, ६३ हे तीन आकडे कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.