बर्फाची हौस, पण दमाने!

हिवाळा लागला की वाशिम, कारंजा, रिसोडकडची कुटुंबेही आता गुलमर्गच्या सहलीला निघतात. बर्फात खेळावे, स्कीइंग करून पाहावे. हौस चांगलीच आहे. पण स्वेटर आठवणीने भरणारे आपण उंचीचा विचार करत नाही. वाशिम समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथला गोंडोला तर थोड्याच वेळात ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथे हवा विरळ असल्याने दर श्वासाला मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असतो.

डोकेदुखी, मळमळ, बसल्या जागी धाप ही लक्षणे प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नका. वर जाणे थांबवा. त्रास वाढला तर लगेच खाली उतरा. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा, मद्य टाळा. बर्फावरून परतणाऱ्या उन्हासाठी गडद चष्मा वापरा. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

सहल नेणाऱ्यांनीही ही माहिती पैसे घेण्यापूर्वी द्यायला हवी. आणि तिकीट वाया जाते म्हणून आजी-आजोबांना वर नेण्याचा हट्ट नको. बर्फ खालीही असतो.